जुन्या जीपचा आतला भाग पुन्हा उभा करताना

उघड्या जीपमध्ये पाणी शिरणारच. कॅनव्हासचे हूड कितीही काळजीने शिवले आणि समोरच्या काचेच्या चौकटीखालचे रबर कितीही नवे घातले, तरी मृगाचा पहिला पाऊस वाऱ्यासह आला की डॅशबोर्डवर, सीटवर आणि पायांशी पाणी येते. ही गाडी बनवणाऱ्यांना ते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी फ्लोअरला पाणी जाण्याची भोके ठेवली, सीट सुट्या बोल्टांवर बसवल्या आणि आत गालिचा अंथरला नाही. आज मात्र जुनी जीप दुरुस्त करून घेताना अनेक जण तिच्या आत बंद मोटारीची सजावट करू पाहतात. फ्लोअरवर जाजम चिकटवले जाते, त्याखाली नमदा घातला जातो, भोके सिलंटने बुजवली जातात, आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्रा आतून कुजतो. या लेखात सांगितलेली पद्धत वेगळ्या विचाराने चालते: पाणी अडवण्याचा प्रयत्न एका मर्यादेपर्यंतच करावा, आणि आत आलेले पाणी कुठेही न थांबता बाहेर जाईल अशी प्रत्येक वस्तू बसवावी.

माझ्याकडील जीप सीजे-३बी आहे. विलीज कंपनीने हे मॉडेल १९५३ मध्ये आणले. नव्या हरिकेन इंजिनाची उंची जास्त असल्यामुळे त्याचे बॉनेट उंच ठेवावे लागले, आणि तीच त्याची ओळख ठरली. अमेरिकेत १९६८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, तरी महिंद्राने भारतात ते पुढे बराच काळ चालू ठेवले. त्यामुळे विदर्भातल्या खेड्यापाड्यांत आजही जी जुनी जीप सापडते ती बहुधा याच घराण्यातली असते. महिंद्राची एमएम-५४० किंवा जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सानच्या परवान्यावर बनलेली जोंगा ज्यांच्याकडे असेल, त्यांनाही पुढचे बहुतेक सर्व लागू पडेल. मोजमापे आणि जोडण्या मात्र त्यांनी आपापल्या गाडीवरून ताडून पाहाव्यात.

कामाआधीचे दोन निर्णय

पहिला निर्णय कागदपत्रांचा आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी विंटेज नोंदणीची सोय केली. या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि पुढच्या नूतनीकरणासाठी ५,००० रुपये भरावे लागतात. चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार केलेली गाडी मूळ स्वरूपातली धरली जात नाही, आणि विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपली जीप ५० वर्षांच्या जवळपास असेल आणि हा मार्ग घ्यायचा विचार असेल, तर सीटसाठी बॉडी कापणे, डॅशबोर्डचा पत्रा बदलून वेगळ्या आकाराचा बसवणे असली कामे हातात घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. कापलेला पत्रा पुन्हा मूळचा होत नाही.

दुसरा निर्णय ऋतूचा. नागपुरात पत्र्याचे काम दिवाळीनंतर सुरू करणे सर्वांत सोयीचे. पावसाळ्यात घासून उघडा केलेला पत्रा रात्रभरात तांबूस होतो आणि दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे जाऊ लागला की अडचण उलटी होते: थिनर हवेतच उडून जातो, रंग पत्र्यावर पोचेपर्यंत कोरडा पडून खरखरीत बसतो, आणि गरम वाऱ्याबरोबर आलेली धूळ त्यात रुतते. नोव्हेंबर ते जानेवारी पत्रा, फेब्रुवारीत रंग, मार्चमध्ये वायरिंग, एप्रिलमध्ये सीट आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत जोडणी असा क्रम ठेवला तर पहिल्या पावसाआधी गाडी उभी राहते. शिवणाचे काम उन्हाळ्यात घेण्याचा एक फायदाही आहे, कारण उन्हात तापवलेले रेक्झिन मऊ पडून सीटच्या कोपऱ्यांवर सुरकुती न पडता बसते.

गाडी उघडताना

बॅटरीची ऋण बाजू सर्वांत आधी सोडवावी. त्यानंतर आतल्या प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे घ्यावीत, विशेषतः डॅशबोर्डच्या मागच्या वायरींची, पेडलांच्या स्प्रिंगांची आणि सीटचे पाय जिथे बोल्टने बसतात त्या जागांची. काढलेला प्रत्येक बोल्ट आपल्या वायसरसह लहान पिशवीत घालून तो कुठला आहे हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे. दोन महिन्यांनी आपल्याला सारे आठवेल असे त्या दिवशी वाटते, पण तसे होत नाही.

विलीजच्या मूळ बोल्टांचे आटे इंचाच्या मापाचे आहेत, त्यामुळे ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाचे पाने लागतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो म्हणून वापरला की डोके गोल होते. मधल्या काळात कुणी मिलिमीटरचा बोल्ट इंचाच्या नटात ठोकून बसवलेला असण्याचीही शक्यता असते, म्हणून काढताना अडलेला बोल्ट जोर लावून फिरवू नये. गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशी सोडावे, बोल्टाच्या डोक्यावर हलके ठोके द्यावेत, मग आधी किंचित आवळून नंतर सोडवावा. बोल्ट बदलावा लागलाच, तर मूळ आटे टॅपने साफ करून त्याच मापाचा घालावा. इतवारीच्या लोहाओळीसारख्या जुन्या बाजारात सुटा नमुना हातात घेऊन गेल्यास माप जुळवणे सोपे जाते.

सीजे-३बीमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखालीच असते आणि दुसऱ्या सीटखाली अवजारांचा कप्पा. फ्लोअरला वेल्डिंग करायचे असेल, किंवा नुसते ग्राइंडरने घासायचे असेल, तरी टाकी आधी गाडीतून काढून, तोंडे बंद करून कामाच्या जागेपासून लांब ठेवली पाहिजे. टाकी रिकामी आहे म्हणून धोका नाही असे समजणे घातक आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत उरलेली वाफ अधिक सहज पेटते. टाकीलाच भोक पडले असेल, तर ती वाफ पूर्ण काढून टाकण्याची सोय असलेल्या टाकी-दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावी, घराच्या अंगणात तिला ज्योत लावू नये. टाकी बाहेर असतानाच फ्युएल गेजच्या तरंगाची तपासणी करून घ्यावी, कारण नंतर त्यासाठी सीट पुन्हा उघडावी लागते.

इंजिन आणि आतला भाग यांमधल्या पत्र्यावर जुने उष्णतारोधक पत्रे किंवा दोऱ्या आढळल्या, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्या कोरड्या घासू किंवा फाडू नयेत. पाण्याने भिजवून, चांगला मास्क लावून अखंड काढाव्यात आणि बंद पिशवीत ठेवाव्यात. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्यामुळे तोही शक्यतो पाण्यानेच घासावा आणि त्या जागी लहान मुलांना फिरकू देऊ नये.

फ्लोअर: सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा

पाहणीच्या आधी फ्लोअर धुवावा. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. फ्लोअरखालच्या आडव्या चॅनलांच्या पोकळीत, टाकीच्या खड्ड्यात आणि मागच्या चाकांच्या पेट्यांच्या कोपऱ्यांत ती वर्षानुवर्षे साचलेली असते, आणि पत्रा सडतो तो तिच्या आडच. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या संत्रा बागांत राबलेल्या जीपची आणखी एक खूण असते. माझी जीप तिथूनच आली, आणि तिच्या मागच्या भागाचा पत्रा पुढच्यापेक्षा जास्त खाल्लेला होता, कारण तिथे खतांची पोती वाहिली जात. सांडलेले खत हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्याचे खारट पाणी जोडांत शिरून पत्रा खाते. अशा गाडीचा मागचा भाग भरपूर पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन, पूर्ण वाळवूनच पुढे जावे, नाहीतर प्राइमरखाली राहिलेले क्षार काही महिन्यांत रंगाला फोड आणतात.

पत्रा वाळल्यावर हातोडीच्या मुठीने ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे टोच्याने दाबून पाहावे, आत गेला तर तेवढा भाग कापायचाच. वरून दिसणाऱ्या भोकापेक्षा कापण्याची रेषा बरीच बाहेर, जिथे पत्रा पूर्ण जाडीचा आहे तिथे धरावी.

यानंतर एका चुकीबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण ती माझ्या गाडीत झालेली होती. आधीच्या मालकाने कुण्या डेंटरकडून जुन्या फ्लोअरवरच नवा पत्रा अंथरून कडेने वेल्ड करून घेतला होता. दिसायला काम नीट होते, पण दोन पत्र्यांच्या मधे शिरलेले पाणी बाहेर येण्याला वाट नव्हती, आणि मी वरचा पत्रा उचलला तेव्हा तोही खालून पातळ झालेला होता. पैसा आणि वेळ वाचावा म्हणून ही पद्धत सुचवली जाते, ती नम्रपणे नाकारावी. सडलेला पत्रा कापून काढणे आणि त्याच जागी, त्याच पातळीवर नवा तुकडा बसवणे हीच खरी दुरुस्ती.

नव्या तुकड्यासाठी सीआर, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा घ्यावा. सपाट भागाला १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मि.मी., आणि सीटचे पाय किंवा पट्ट्याचे बोल्ट जिथे येतात तिथे १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मि.मी. जाडी पुरते. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीत बसवून पाहावा. पाय ठेवण्याच्या तिरप्या भागाला आणि मधल्या गिअरबॉक्सच्या उंचवट्याला तो बसला की मगच पत्रा कापावा. मूळ फ्लोअरला ताकदीसाठी उठावाच्या पट्ट्या असतात, त्या नसलेला सपाट पत्रा पायाखाली पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, म्हणून डेंटरकडून तशा पट्ट्या दाबून घ्याव्यात. वेल्डिंग शक्यतो मिगने (वायूच्या आवरणात तार वितळवणाऱ्या यंत्राने) करावे आणि एका दमात लांब रेघ ओढू नये. एका टोकाला एक टाका, मग दुसऱ्या टोकाला, मग मधे, असे आलटून पालटून टाके घालत आणि मधे पत्रा थंड होऊ देत गेल्यास तो वाकत नाही. खालच्या चॅनलांना जोडताना वरच्या पत्र्याला ६ ते ८ मि.मी.ची भोके पाडून ती वेल्डने भरावीत, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या सर्वांत जवळ जाणारी ही रीत आहे. नवे तुकडे लावताना पाण्याची मूळ भोके त्यांच्याच जागी पुन्हा पाडावीत, आणि टाकीच्या खड्ड्यातले भोक तर विसरूच नये.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर सीजेमध्ये फ्लोअरखाली असतो आणि त्यात ब्रेक ऑइल घालण्यासाठी फ्लोअरला छोटे झाकण ठेवलेले असते. नवा पत्रा बसवताना ही वाट बंद झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ब्रेक ऑइलची पातळी पाहता येत नाही म्हणून ती कुणी पाहतच नाही, आणि मग एके दिवशी पेडल खाली जाते.

प्राइमर, सिलंट, रंग

वायर ब्रश लावलेल्या ग्राइंडरने सैल गंज काढावा, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावून, सांगितलेल्या वेळेनंतर पाण्याने धुऊन लगेच वाळवावे. मग थिनरने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमरचे दोन हात द्यावेत. आपल्याकडे बहुतेक कारागीर साधे रेड ऑक्साइड मारून मोकळे होतात. ते स्वस्त आहे आणि लोखंडी फाटकांना चालते, परंतु त्याचा थर ओलावा पूर्ण अडवत नाही, आणि फ्लोअरसारख्या जागी ते पुरेसे नाही. जोडांमधले सिलंट उघड्या पत्र्यावर न लावता प्राइमर वाळल्यावर लावावे, वरून आणि खालूनही. कारागीर ज्याला लांबी म्हणतात ती पुट्टी फ्लोअरवर शक्यतो वापरूच नये. पाय आणि सामान यांच्या दणक्यांनी ती तडकते आणि तिच्याखाली पाणी राहते.

मूळ रंग शोधायचा असेल तर डॅशबोर्डच्या आत, हातमोज्यांच्या कप्प्याच्या मागे किंवा माहितीपट्टीखाली पाहावे, उन्हापासून वाचलेला मूळ रंग तिथे सापडतो. पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या माहितीपट्ट्या घासून चकचकीत करू नयेत आणि त्यांवर रंगही जाऊ देऊ नये. त्यांवरचे अंक ही गाडीची ओळख आहे. दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमधली वाफ फुप्फुसांना गंभीर इजा करू शकते. साधा कापडी मास्क तिथे निरुपयोगी आहे, म्हणून ते काम योग्य मास्क आणि हवा खेळती असलेल्या जागेत काम करणाऱ्या पेंटरकडेच द्यावे.

उष्णता आणि आवाज

नागपूरच्या उन्हाळ्यात जीपच्या आत येणारी उष्णता मुख्यतः इंजिनामागच्या पत्र्यातून आणि गिअरबॉक्सवरच्या झाकणातून येते. म्हणून आधी भोके बंद करावीत. वायरी, स्पीडोमीटरची केबल आणि पेडल यांच्यासाठी पडलेल्या छिद्रांत नवे रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारी कडी) घातले आणि गिअरच्या तीन दांड्यांवर, म्हणजे मुख्य गिअर आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) दोन दांड्यांवर, नवी रबरी टोपणे बसवली की पायांवर येणारी गरम हवा लक्षणीय कमी होते. पुष्कळदा एवढ्यानेच भागते.

त्यापुढे जायचे असेल तर २ मि.मी. जाडीची, चिकट पाठीची ब्युटाइल रबराची शीट उभ्या पत्र्यावर तुकड्यांत लावावी. पत्र्याची थरथर थांबवण्यासाठी त्याचा सगळा भाग झाकावा लागत नाही, साधारण तिसरा हिस्सा पुरतो. तिच्यावर बंद छिद्रांचा फोम लावावा, जो पाणी शोषत नाही. नमदा, ताग आणि मोकळ्या छिद्रांचा स्पंज यांना आत जागा देऊ नये. फ्लोअरच्या सपाट भागावर काहीही चिकटवू नये, फक्त जाड रबरी मॅट सुटी अंथरावी, जी पावसानंतर उचलून वाळत घालता येईल.

वायरिंग आणि डॅशबोर्ड

जुन्या वायरींचे कापडी वेष्टण हाताने वाकवले की भुगा पडत असेल, तर तुकड्यातुकड्याने जोडकाम न करता संपूर्ण हार्नेस (गाडीच्या सर्व वायरींचा जुडगा) नवा घ्यावा. आधी गाडी किती व्होल्टची आहे ते पाहावे. सुरुवातीच्या जीप ६ व्होल्टच्या होत्या, नंतरच्या १२ व्होल्टच्या, आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या काही गाड्या २४ व्होल्टच्या असतात. कधी काळी १२ व्होल्टवर आणलेल्या गाडीत गेज मात्र ६ व्होल्टचेच राहिलेले असू शकते आणि ते जळते.

हेडलाइटला २.५ चौ.मि.मी., इतर दिव्यांना १.५ चौ.मि.मी. आणि चार्जिंगच्या मुख्य वायरीला अंतर व अल्टरनेटरची क्षमता पाहून ६ चौ.मि.मी. किंवा त्याहून जाड वायर घ्यावी. ६० वॉटच्या दोन दिव्यांना १२ व्होल्टवर १० अॅम्पिअर लागतात. हा भार जुन्या स्विचवर आणि पायाने दाबायच्या डिपरवर टाकण्याऐवजी रिलेवर द्यावा, म्हणजे मूळ स्विच जागेवर राहतात आणि तापतही नाहीत. मूळ गाडीत फ्यूज अगदी मोजके होते. इथे मात्र मूळपणाचा आग्रह सोडून प्रत्येक सर्किटला वेगळा फ्यूज द्यावा आणि फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली उंचावर, पाणी ठिबकणार नाही असा बसवावा. वायरींच्या टोकांचे धातूचे लग क्रिम्पिंगच्या पकडीने दाबावेत आणि त्यांवर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घालावी. अर्थिंगसाठी रंग घासून उघडा केलेला पत्रा, दातेरी वायसर आणि वरून ग्रीस एवढे असावेच. जुन्या जीपचे निम्मे विजेचे आजार कच्च्या अर्थिंगचे असतात.

अॅमीटरबद्दल, म्हणजे विद्युतप्रवाह मोजणाऱ्या गेजबद्दल, सावध राहावे. गाडीचा जवळपास सगळा विद्युतप्रवाह त्याच्यातून जातो. जुना डायनॅमो काढून जास्त क्षमतेचा अल्टरनेटर बसवला असेल आणि अॅमीटर ३० अॅम्पिअरचाच असेल, तर डॅशबोर्डमागे आग लागण्याची भीती असते. त्या वेळी अॅमीटर दिसण्यापुरता ठेवून त्याच्या जोडण्या बाहेरच्या बाहेर जोडाव्यात आणि चार्जिंग कळण्यासाठी छोटा व्होल्टमीटर लावावा. इंजिन चालू असताना तो १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान दिसला पाहिजे.

गेजच्या तबकड्या थिनरने पुसू नयेत, अंकच निघून जातात. मऊ ब्रशने धूळ झाडून काच बाहेरून-आतून स्वच्छ करावी. तापमापकाची खात्री करायची असेल, तर सेन्सर जोडलेल्या अवस्थेत आणि त्याच्या कवचाला अर्थिंगची वायर लावून त्याचे टोक उकळत्या पाण्यात धरावे, काटा १०० अंशांच्या आसपास गेला पाहिजे. फ्युएल गेज चुकीचे दाखवत असेल तर गेज बदलण्याआधी टाकीवरच्या सेंडरचे (तरंगाची पातळी गेजला कळवणाऱ्या भागाचे) अर्थिंग पाहावे, आणि सेंडर बदलला असेल तर त्याचा रोध त्या गेजला जुळतो का ते तपासावे. स्पीडोमीटरच्या केबलला ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागालाच लावावे, वरपर्यंत लावले की ते फिरत फिरत मीटरमध्ये चढते.

स्टीअरिंगचे चाक

चाकाच्या कठीण रबरी आवरणाला भेगा पडतात, कारण उन्हातान्हात वर्षे काढलेले ते आवरण आकसते आणि आतली लोखंडी सळई आकसत नाही. वरवर लेप लावला तर पहिल्याच उन्हाळ्यात भेग परत दिसते. प्रत्येक भेग लहान कानसीने इंग्रजी व्ही आकारात सळईपर्यंत उघडावी, सळईवरचा गंज काढावा, आणि मग दोन भागांचे घट्ट इपॉक्सी थोडे उंच भरावे. २४ तास जाऊ द्यावेत. १२०, मग २४०, शेवटी ४०० नंबरच्या कागदाने घासून मूळ गोलाई आणावी, प्राइमर द्यावा आणि काळा पीयू रंग मारावा. बोटांच्या खाचा मागच्या बाजूने असतात, त्या घासताना बुजणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. वरून प्लास्टिकचे कव्हर चढवायचे असेल तर ही मेहनत घेण्याचे कारण नाही, आणि मला विचाराल तर कव्हर चढवूच नये.

सीट

सीटचा पाया म्हणजे पाइपची चौकट. तिचे वेल्ड, विशेषतः पाठीचा पाइप बसणीला मिळतो तिथले, तडकलेले नाहीत ना ते रंग काढून पाहावे. स्प्रिंगा गंजून पातळ झाल्या असतील तर त्याच जाडीच्या नव्या घ्याव्यात. एखादीच नवी स्प्रिंग घातली की बसणे वाकडे होते, म्हणून संपूर्ण ओळ बदलावी. चौकट प्राइमर आणि रंग लावूनच कुशनवाल्याकडे द्यावी, कारण तिथे गेल्यावर तिच्याकडे कुणी पाहत नाही.

जुने कव्हर फेकू नये. ब्लेडने त्याची शिवण उसवून प्रत्येक तुकडा सपाट करावा, त्यावर पुढे-मागे, उजवे-डावे लिहावे आणि शिवणीच्या जागा खडूने जुळवून घ्याव्यात. नवा साचा यावरूनच निघतो. शिवणीसाठी १२ मि.मी. कापड सोडावे.

भरावासाठी स्प्रिंगांवर आधी जाड कॅनव्हासचा तुकडा ताणून बांधावा, नाहीतर स्प्रिंगा फोमला खातात. त्यावर रबर लावलेल्या काथ्याचा थर आणि मग फोम. बसणीसाठी ४० डेन्सिटीचा (घनतेचा), पाठीसाठी ३२ डेन्सिटीचा फोम चांगला, वर एक इंचाचा मऊ थर दिला तर लांबच्या प्रवासात बरे वाटते. फोम कव्हरपेक्षा सर्व बाजूंनी सुमारे अर्धा इंच मोठा कापावा, म्हणजे तो दाबून बसतो आणि कव्हर सैल पडत नाही. फोम पाणी पितो, ही या कामातली मोठी अडचण आहे. काही कारागीर तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतात, पण एखाद्या टाक्यातून आत गेलेले पाणी मग तिथून निघत नाही आणि सीटला कुबट वास येऊ लागतो. त्यापेक्षा फोमच्या वर पातळ जलरोधक कापड घालावे, खालची बाजू उघडी जाळीदार ठेवावी, आणि सीटच्या खालच्या पट्टीला हवेसाठी पितळी रिंगा लावाव्यात. आलेले पाणी खाली उतरते आणि नागपूरच्या उन्हात एका दुपारी सीट वाळते.

कापडाच्या बाबतीत काळ्या रेक्झिनचा मोह आवरावा. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या उघड्या जीपच्या काळ्या सीटवर बसवत नाही. खाकी, फिकट तपकिरी किंवा लष्करी हिरव्या रंगाचे जाड, कापडी पाठीचे रेक्झिन, किंवा जलरोधक केलेले कॅनव्हास घ्यावे. कॅनव्हास शरीराला कमी चटका देते, पण धुळीचे डाग धरते. उमरेड किंवा पेंचच्या बाजूला ज्यांचे नेहमी जाणे असते त्यांना मी रेक्झिनच सुचवेन, ओल्या फडक्याने पुसले की काम होते. शिवण्यासाठी बॉन्डेड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा दोरा वापरावा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो आणि कापड शाबूत असतानाच शिवण उसवते. टाका ४ ते ५ मि.मी.चा असावा. त्याहून बारीक टाक्यांनी रेक्झिनला भोकांची रांग पडून ते तिथेच फाटते. कडेच्या पायपिंगमध्ये कागदी दोरी न घालता प्लास्टिकची घालावी.

सीटबरोबरच पट्टे बसवून घ्यावेत. मूळ जीपला ते नव्हते, पण आजच्या वर्धा रोडवर पट्ट्याशिवाय उघडी जीप चालवणे मला योग्य वाटत नाही. कमरेच्या पट्ट्याचे बोल्ट ७/१६ इंचाचे, उच्च प्रतीच्या पोलादाचे असावेत आणि ते केवळ फ्लोअरच्या पत्र्यात न कसता खालून किमान ३ मि.मी. जाडीची, तळहाताएवढी पट्टी देऊन, शक्य तिथे चॅनलजवळ कसावेत.

जोडणी आणि पाण्याची परीक्षा

आधी वायरिंग, मग डॅशबोर्ड आणि गेज, त्यानंतर पेडल आणि गिअरची टोपणे, मग टाकी, आणि सर्वांत शेवटी सीट. टाकी बसवताना तिच्याखाली आणि पट्ट्यांखाली रबराच्या पट्ट्या द्याव्यात आणि त्या पाण्याच्या भोकावर येऊ देऊ नयेत. सर्व स्क्रू स्टेनलेस घेतले तर आटे जाम होऊ नयेत म्हणून त्यांना ग्रीस लावून कसावे. बॅटरी जोडण्यापूर्वी सगळे फ्यूज काढून ठेवावेत आणि एकेक घालत तो तो दिवा किंवा गेज तपासावे. एक किलोचा अग्निशामक चालकाच्या हाताशी कसून ठेवावा.

रबरी मॅट अंथरण्याआधी गाडी सपाट जागी उभी करावी, समोरच्या काचेवर आणि हूडवर बागेच्या नळीने दहा मिनिटे पाणी सोडावे, आणि एकाने आत बसून ते कुठून येते व कुठे जाते ते पाहावे. काचेच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांतून थोडे येईल, तेवढे चालते. मग दोन बादल्या पाणी सरळ फ्लोअरवर ओतावे. पाच मिनिटांनंतर जिथे डबके दिसेल तिथे खडूने खूण करावी आणि त्या जागी भोक मोठे करावे किंवा नवे पाडावे. नव्या भोकाच्या कडेला प्राइमर आणि रंग लगेच लावावा. माझ्या गाडीत असे डबके चालकाच्या डाव्या टाचेखाली राहत होते. तिथे १० मि.मी.चे एक भोक पाडल्यापासून पावसाळ्यात मॅट उचलली की खालचा पत्रा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरडा मिळतो.